अमेरिकेची ओली पाटी

जिनिव्हा, १९ जून

तीर्थरूप अर्डिस मावशीस,

तुझ्या मार्लिसचा नमस्कार, दोन्ही गालांवर पापा, आणि तीन रविवार फोन केला नाही म्हणून कान धरून माफी. तुझा गुडघा कसा आहे? ऑरिनकाकांचं कानातलं यंत्र सापडलं का, की तुझं बोलणं ऐकायला लागू नये म्हणून त्यांनी ते अजून हरवूनच ठेवलंय? मक्याला पाऊस पुरेसा झाला का? चर्चच्या तळघरात पाणी शिरत होतं ते थांबलं का? माझ्याबद्दल म्हणशील तर मी ठणठणीत आहे, पोट तेवढं सोडून. इथल्या डॉक्टरीणबाईंनी ईस्टरपासून माझी कॉफी बंद केली आहे. कमी नाही, बंद. आयोवाच्या ल्युथरन बाईची कॉफी तोडायची म्हणजे तिचं नाव चर्चच्या वहीतून खोडल्यासारखंच आहे, पण मी ऐकलं. थेंबाला शिवले नाही. दिवसभर कॅमोमाइलचा काढा पिते आणि चेहरा कसनुसा करून हिंडते.

मागच्या पत्रात तू विचारलंस, ‘तू तिथे हल्ली नेमकं करतेस तरी काय?’ मावशी, हा प्रश्न तू गेली एकोणीस वर्षं विचारते आहेस आणि दरवेळी मी काहीतरी लांबलचक उत्तर देऊन तुला झोप आणली आहे. यावेळचं उत्तर सोपं आहे. मी बसते. सकाळी दहाला जाऊन बसते, सहाला उठते. मधल्या वेळात आपल्या देशाच्या वतीने तोंडात मिठाची गुळणी धरायची, हे माझं काम. पण गेल्या गुरुवारी त्या कामात माझ्या हातून एक घोटाळा झाला, आणि तो तुला दुसऱ्या कोणाकडून (विशेषतः एखाद्या सभ्य आवाजाच्या परक्या माणसाकडून) कळण्याआधी मीच सांगावा म्हणून हे पत्र.

आमचं नदीमापन मंडळ तुला माहीत आहे. (तू त्याला ‘नळवाल्यांची संस्था’ म्हणतेस, आणि मी ते इथे कोणालाही सांगितलेलं नाही.) जगातल्या तीनशेचाळीस नद्यांच्या काठावर आमचे खांब उभे आहेत. पाणी किती चढलं ते खांब बघतो, वरून जाणाऱ्या अमेरिकन उपग्रहाला कळवतो, आणि उपग्रह खालच्या अंगाच्या गावांना कळवतो की बाबांनो, उठा आता, सामान आवरा. एवढंच. यात कोणाचं राजकारण नाही, कोणाचा झेंडा नाही. फक्त उपग्रहाचा करार दर पाच वर्षांनी सगळ्या देशांनी एकमताने पुढे चालू ठेवायचा असतो, आणि त्याची मुदत येत्या तीस जूनला संपत होती. बैठकीचा शेवटचा दिवस गेला गुरुवार. त्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत झालं तर झालं, नाहीतर एक जुलैपासून सगळे खांब नदीत नुसते उभे.

या खांबांपैकी एक मलावीत शिरे नदीवर आहे. त्याच्या खालच्या गावात आमच्या चिकोंडी नामालोंबांची थोरली बहीण राहते. चिकोंडी म्हणजे मलावीचे प्रतिनिधी. नऊ वर्षं ते सभागृहात अगदी माझ्या समोर बसतात, मधे फक्त ते मोठं गोल रिकामं गालिचाचं अंगण. उंच, संथ, दुपारी डोळे मिटून ऐकणारे आणि तरीही काहीही न चुकवणारे. त्यांच्या बहिणीचं नाव एनेलेस, वय एकाहत्तर, आणि ती तुझीच जुळी असावी असं मला नेहमी वाटतं. दोन वर्षांपूर्वी खांबाने खबर दिली तेव्हा सहा तास हातात होते. तेवढ्यात तिने अकरा शेळ्या, शिवणयंत्र आणि एक रुसलेला नवरा टेकडीवर नेला आणि वर पोचल्यावर चिकोंडींना फोन करून झापलं, की तुमच्या मंडळाला ऐन स्वयंपाकाच्या वेळेलाच बरी बुद्धी होते! त्या रात्री तिच्या घराचं जोतंसुद्धा उरलं नाही. हे चिकोंडींनी मला उपाहारगृहाच्या रांगेत सांगितलं, हसत हसत, आणि मग बराच वेळ सूप कुठलं घ्यावं ते त्यांना ठरवता येईना.

आता माझं पाप ऐक. मार्चमध्ये वरून हुकूम आला, की कराराच्या मसुद्यातल्या सातव्या परिच्छेदाला, म्हणजे नेमका उपग्रहाच्या परिच्छेदाला, कंस घाला. आमच्याकडे कंस म्हणजे ‘यावर आमचा अजून विचार व्हायचा आहे, तोवर कोणी हात लावू नये’. (तुला वाटेल यात काय एवढं. अगं, इथे एका कंसापायी दोन-दोन वर्षं घालवलेली माणसं आहेत. मलाही त्याची सवय लागली, ते तुला या पत्रात दिसतच असेल.) तो कंस मी घातला. याच तोंडाने. समोर चिकोंडींनी तो आपल्या कागदावर टिपून घेतला. बाहेर आल्यावर मी त्यांना म्हटलं, जूनपर्यंत काढून देते, शब्द देते. आता एकोणीस वर्षं या धंद्यात काढलेल्या बाईने शब्द देऊ नये एवढी अक्कल तिला असायला हवी, पण दिला खरा.

मग मी विचार करणाऱ्या मंडळींना शोधू लागले. एप्रिलभर फोन केले. ज्या खात्याने कंस घालायला सांगितला ते खातं मधल्या काळात बंद झालं होतं. फोन मात्र चालू होता, आणि त्यावर छान व्हायोलिन वाजायचं. मे महिन्यात एकदा कोणीतरी उचलला. तो टेबलं न्यायला आलेला हमाल होता. पण काय सभ्य माणूस! त्याने मला सातवा परिच्छेद पूर्ण वाचू दिला, दोन प्रश्न विचारले, ते दोन्ही मुद्द्याचे होते, आणि म्हणाला, ‘बाई, मला तर हे चांगलं वाटतंय.’ (चार महिन्यांत अमेरिकेची तेवढीच भूमिका माझ्या कानावर आली. तिच्यावर शिक्का कुठून आणू?) शेवटी बैठकीच्या आठवडाभर आधी आमच्या इथल्या कचेरीचे प्रमुख लूमिससाहेब कागद घेऊन आले. त्यावर चार ओळी होत्या. हजर राहा. ऐका. होकार देऊ नका, नकारही देऊ नका. बोलू नका. मी म्हटलं, साहेब, मग कंसाचं काय? ते म्हणाले, कंसाबद्दल यात काही नाही. मी म्हटलं, म्हणजे तो राहणार. ते म्हणाले, मार्लिस, माझी निवृत्ती ऑक्टोबरमध्ये आहे. वाईट माणूस नाही गं, थकलेला आहे. त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि तो सरळ करत बसले.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी आम्ही किती बोलायचो! माझ्या आधीचे गृहस्थ पाणी न पिता चाळीस मिनिटं बोलत, आणि त्या वेळात लोक घरची पत्रं लिहीत, नखं साफ करत. आम्ही अमुक म्हटलं की अर्धं सभागृह लगेच तमुक म्हणायचं, मग अध्यक्ष दोघांच्या मधलं काहीतरी उचलून हातोडी मारायचे. चहाच्या वेळी सगळे आमच्या नावाने खडे फोडायचे आणि आम्ही आलो की गप्प व्हायचे. मला ते फार लागायचं तेव्हा. आता मी आले की कोणी गप्प होत नाही. परवा रांगेत बेल्जियमच्या बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि स्वतःची पेस्ट्री मला दिली. मावशी, शिव्या परवडल्या, ही पेस्ट्री नको. आणि गंमत म्हणजे काम कोणाचंच होईना. आम्ही बोलत नाही म्हणून खोडून काढायला काही नाही, खोडून काढायला नाही म्हणून बाकीच्यांनाही बोलायचं सुचत नाही. सगळे माझ्यासमोरच्या देशाच्या नावाच्या पाटीकडे बघत बसतात. तुला आठवतं, तू ज्या वर्षी ‘या वेळी माशाच्या जेवणाचं मी बघणार नाही, मला हुकूमशहा म्हणता ना, बघा तुम्हीच’ म्हणून घरी बसलीस? तीनशे पानं वाढून झाली आणि बटाटे उकडायला कोणी टाकलेच नव्हते, कारण चाळीस वर्षं ‘आता टाका’ असं तूच ओरडायचीस. लोक ल्युटफिस्क मासा नुसत्या लोण्याबरोबर गिळत होते आणि तू खिडकीतून चर्चकडे बघत रडत होतीस. तू ‘कांदा कापतेय’ म्हणालीस. कांदा नव्हता, मी तिथेच होते. तसं चाललंय आमचं.

तर गुरुवार. दुपारभर बाकीचे सगळे परिच्छेद एकेक करून पार पडले आणि पाच वाजता सातवा आला. इथे आमच्या सभागृहाचे दोन नियम तुला सांगावे लागतील, कंटाळू नकोस. ज्याला बोलायचं असेल त्याने आपल्या देशाच्या नावाची पाटी टेबलावर आडवी असते ती उभी करायची, हा एक. आणि कंस ज्याने घातला त्यानेच तो काढायचा, हा दुसरा. त्याला एकच फट आहे: कंसवाल्याने बोलायची पाळी घेतली आणि त्या पाळीत कंसाचं नाव पुन्हा काढलं नाही, तर तो आपोआप गळून पडतो. म्हणजे मी पाटी आडवी ठेवून गप्प बसले की कंस जन्मभर राहणार, आणि पाटी उभी करून गप्प बसले की जाणार. अर्थात पाटी उभी करायची म्हणजे बोलायला मागायचं, आणि मला तर बोलायची बंदी. मी हे सगळं फक्त तुला कळावं म्हणून सांगते आहे. त्या वेळी माझ्या डोक्यात यातलं काहीएक नव्हतं.

अध्यक्षपदी या वर्षी फिनलंडच्या राउहा केटुनेनबाई आहेत. महिन्यातून दोन वाक्यं बोलतात, पण ती अशी की त्यात सुई शिरणार नाही. त्यांनी पाचपासून तीनदा विचारलं, सातव्या परिच्छेदावर कोणाला बोलायचंय का? तिन्ही वेळा शंभरावर मुंडकी माझ्याकडे वळली आणि मी पेन्सिलीकडे बघत राहिले. चिकोंडींनी एकदा पाटी उभी केली. ते भाषण वगैरे करत नाहीत. ते म्हणाले, माझ्या बहिणीने विचारलंय की पहिली तारीख मंगळवारी येते का, कारण मंगळवारी ती बाजाराला जाते आणि घरात फक्त नवरा असतो. बस्स, आणि पाटी आडवी केली. साडेपाच झाले, पावणेसहा झाले. सहाला दुभाषे उठतात, मावशी. युद्ध चालू असलं तरी उठतात. काचेच्या खोलीत ते माना खाली घालून पिशव्या आवरायला लागले की समजायचं, संपलं.

पाच वाजून एक्कावन्न मिनिटांनी माझ्या कोपराचा धक्का लागला आणि कॉफी सांडली.

तुला माहीतच आहे मी लहानपणापासून किती वेंधळी. पूर्ण कप होता. तो असा पसरला की मसुद्याचा सातवा परिच्छेद पार बुडाला आणि लोंढा निघाला थेट ‘अमेरिकेची संयुक्त संस्थानं’ लिहिलेल्या पाटीकडे. आता देशाचं नाव डोळ्यांदेखत कॉफीत भिजू द्यायचं का? मी काय शपथ घेतली आहे? मी पाटी झटकन उचलली, रुमालाने पुसली आणि वाळावी म्हणून उभी करून ठेवली. शेजारी उरुग्वेचे बेरुत्ती बसतात, ते कोपराने ढोसत होते, ‘मार्लिस! अगं पाटी! पाटी!’ पण मी टेबल पुसण्यात इतकी गुंतले होते की मला काही ऐकूच गेलं नाही. सभागृहात मात्र एकदम असा आवाज झाला, शंभर-सव्वाशे हेडफोन एका वेळी कानावर चढले की होतो तो. मी मान वर केली. केटुनेनबाई माझ्याकडे बघत होत्या. त्या म्हणाल्या, ‘अमेरिकेला बोलायची पाळी देण्यात येत आहे.’ आणि माझ्या माइकवरचा लाल दिवा लागला.

हुकूम होता बोलू नका, आणि हुकमाबाहेर मी एकोणीस वर्षांत गेलेली नाही. तेव्हा मी खरं तेच सांगितलं. मी म्हटलं, अध्यक्षबाई, आभारी आहे, माझ्या शिष्टमंडळाला काहीही म्हणायचं नाही. केटुनेनबाईंनी चष्मा काढला. त्यांनी विचारलं, काहीही? मी म्हटलं, काहीही. त्यांनी चष्मा पुन्हा घातला, नियमांच्या पुस्तकाकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि म्हणाल्या, ‘अमेरिकेने पाळी घेतली आणि कंसाचा उल्लेख केला नाही. कंस गेला. कोणाचा आक्षेप? नाही. परिच्छेद सात मंजूर.’ आणि हातोडी. पाच वाजून चोपन्न मिनिटं. मग जे टाळ्यांचं वादळ उठलं, ते मी तिथे कधी ऐकलेलं नाही. दुभाष्यांनी काचेवर हात आपटले. बेरुत्ती रडत होते, पण ते फुटबॉलसाठीही रडतात. मी आपली टेबल पुसत राहिले, पुसण्यासारखं काही उरलं नव्हतं तरी.

बाहेर कोट घेताना चिकोंडी आले. त्यांनी माझे आभार मानले नाहीत, काही विचारलंही नाही. हातात भाजक्या शेंगांची पुडी दिली, बहिणीने पाठवलेली, आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, ‘तुमची पाटी आता कोरडी झाली असेल ना?’ मी म्हटलं, होतेय. मग आम्ही दोघं बराच वेळ ट्रामच्या थांब्यावर उभे राहिलो आणि दोन ट्रामी सोडल्या. मावशी, मला फार बरं वाटलं गं. खूप दिवसांनी मी कोणाच्या तरी कामाला आले असं वाटलं.

शुक्रवारी सकाळी लूमिससाहेबांनी बोलावलं. त्यांच्यासमोर बैठकीचा शब्दन्‌शब्द टिपलेला कागद होता. ते म्हणाले, वरून विचारणा आहे, अमेरिकेने सातव्या परिच्छेदाला पाठिंबा दिला का? मी म्हटलं, नाही साहेब. विरोध केला? नाही. मग काय म्हटलं? काहीही नाही. त्यांनी कागद दोनदा वाचला. तिथे तेच लिहिलं होतं. ते खिडकीतून तळ्याकडे बघत बसले आणि मला त्यांचे खांदे हलताना दिसले. मला आधी वाटलं रडतायत. मग त्यांनी तसं वर कळवलं: ‘प्रतिनिधींनी सूचनांचं तंतोतंत पालन केलं.’ त्याखाली स्वतःची सही केली, निवृत्ती ऑक्टोबरवर आलेली असूनही.

एवढंच झालं. माझी जागा तशीही सप्टेंबरअखेर बंद होते आहे, तेव्हा थँक्सगिव्हिंगला मी तुझ्याकडे आहे, पुढची व्यवस्था लागेपर्यंत. बटाटे मी बघीन. तू ओरड. काकांना नमस्कार, आणि त्यांचं यंत्र पिठाच्या डब्यात बघ.

तुझीच,
मार्लिस

ता. क. : तू लगेच विचारशील, की हिला कॉफी बंद, मग हिच्या टेबलावर कप कोणाचा? बेरुत्ती बारा महिने आपला तो ‘माते’ नावाचा हिरवा काढा पितात, कॉफीला नाक मुरडतात. शिवाय सभागृहात पाण्याशिवाय काही आणायला बंदी आहे. तेव्हा कप कोणाचा ते कळलेलं नाही. मी स्वतः खूप आठवून पाहिलं.

दुसरा ता. क. : खरं तर हे आधीच लिहायला हवं होतं. वरून एक चौकशी अधिकारी येतो आहे. ही माणसं फार कसून काम करतात. नातेवाइकांना फोन करून ‘स्वभाव कसा, सवयी कशा’ असं सहज विचारतात. तुझा नंबर माझ्या कागदांवर आहे. आवाज सभ्य असेल, हवापाण्याच्या गप्पा मारेल. त्याला सांग की पोरगी जन्माची वेंधळी, तिच्या हातात भरलेलं भांडं कोणी देत नसे. काकांच्या साठीला पंच सरबताचं अख्खं भांडं सांडलं होतं तेही सांग. (ते आपल्या डार्लीनने सांडलं होतं, मला माहीत आहे. पण ती आता ॲरिझोनात असते, तिला काही फरक पडणार नाही.) तुला खोटं बोलायला जड जातं हेही मला माहीत आहे. कांदा कापत कापत बोल.

तिसरा ता. क. : आणि तो माणूस त्या भागातून जाताना घरी डोकावला तर, म्हणून एक काम आजच कर. फ्रिजच्या वर माझा फोटो आहे ना, चर्चच्या जेवणातला, मी पंधरा वर्षांची, दोन्ही हात मिळून काठोकाठ भरलेले कॉफीचे आठ कप, आणि खाली तुझ्या अक्षरात लिहिलंय, ‘आमची मार्लिस, सहा वर्षं वाढते, अजून एक थेंब सांडला नाही’. तो काढून कपाटात ठेव. फाडू मात्र नकोस.